लॉर्ड बायरन : पोहण्यात पटाईत, दिसायला देखणा आणि जन्मभर वजनाच्या धास्तीत जगलेला कवी

लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर ‘बेरी ब्रदर्स अँड रड’ नावाचं वाइनचं जुनं दुकान आहे. सतराव्या शतकाच्या शेवटी ते सुरू झालं, तेव्हा तिथे कॉफी आणि किराणा विकला जायचा. कॉफी तोलण्यासाठी दुकानात मोठा तराजू होता. घरोघरी वजनकाटे नसलेल्या त्या काळात लंडनमधली बडी मंडळी गंमत म्हणून त्या तराजूत बसून स्वतःचं वजन करून घ्यायची आणि दुकानदार ते वहीत टिपून ठेवायचे.

या वहीत जॉर्ज गॉर्डन बायरन हे नाव पुन्हा पुन्हा येतं. जानेवारी १८०६ मध्ये, वयाची १८ वर्षं पूर्ण होण्याच्या बेतात असताना, त्याचं वजन १३ स्टोन १२ पौंड, म्हणजे सुमारे ८८ किलो भरलं. पुढच्या पाच वर्षांत ते २५ किलोंहून जास्त उतरलं.

इंग्रजी कवितेतलं मोठं नाव, ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धात उतरलेला उमराव आणि जगातल्या पहिल्या संगणक प्रोग्रॅमसाठी ओळखल्या जाणाऱ्या एडा लव्हलेसचा बाप अशी बायरनची ओळख आहे. पण विद्यापीठात शिकत असताना सुरू झालेलं उपाशी राहण्याचं वेड त्याने मरेपर्यंत सोडलं नाही, ही गोष्ट कमी जणांना माहीत असते. आज त्या वेडाला आपण ‘ईटिंग डिसऑर्डर’ म्हणजे खाण्याचा विकार म्हटलं असतं. त्याच्या काळात लोक त्याला देखणेपणा म्हणत होते.

वाकडं पाऊल आणि लाजरा, जाडा मुलगा

बायरनचा जन्म २२ जानेवारी १७८८ रोजी लंडनमध्ये झाला. बाप जॉन बायरन सैन्यात कॅप्टन होता आणि ‘मॅड जॅक’ या नावाने बदनाम होता. त्याने बायकोची मालमत्ता उधळली, सावकारांना चुकवत तो फ्रान्सला गेला आणि १७९१ मध्ये तिथेच वारला. आई कॅथरिन गॉर्डन स्कॉटलंडच्या जुन्या घराण्यातली होती. हाती उरलेल्या थोडक्या पैशांवर तिने ॲबर्डीनमध्ये मुलाला एकटीने वाढवलं.

मुलाचं उजवं पाऊल जन्मापासून वाकडं होतं आणि त्यामुळे तो लंगडत चालायचा. दहाव्या वर्षी, १७९८ मध्ये, चुलत आजोबांच्या मृत्यूनंतर तो सहावा लॉर्ड बायरन झाला. नॉटिंगहॅमजवळचा न्यूस्टेड ॲबी हा पडका पण भव्य वाडाही त्याच्या वाट्याला आला. पाऊल सरळ करण्यासाठी त्याला नॉटिंगहॅममधल्या एका वैदूकडे नेलं गेलं. त्या माणसाने पाय लाकडी साच्यात पिळून बसवला. वेदना भरपूर झाल्या, गुण काहीच आला नाही.

आपल्या शरीराकडे लोक बघतात, हे या मुलाला फार लवकर कळलं. त्यात भर पडली ती वजनाची. आई स्थूल होती आणि मुलाचं शरीरही लवकर भरू लागलं. हॅरो या प्रसिद्ध शाळेतून सुट्टीत तो आईकडे, साउथवेल या छोट्या गावी यायचा. तिथल्या शेजारच्या एलिझाबेथ पिगट या तरुणीशी त्याची मैत्री झाली. पहिल्या भेटीतला बायरन तिच्या आठवणीत होता तो असा : कपाळावर सरळ केस विंचरलेला, जाडा आणि कमालीचा लाजाळू मुलगा.

लंगड्या पायामुळे वजन ही त्याच्यासाठी नुसती दिसण्याची बाब नव्हती. जड शरीर पेलताना पाऊल दुखायचं. वजन कमी करण्यामागे खरं, शारीरिक कारणही होतं. पुढे जे झालं ते समजून घेताना हे विसरून चालत नाही.

खेळांपासून मात्र तो लांब राहिला नाही. १८०५ मध्ये लॉर्ड्सवर हॅरो आणि ईटन या शाळांचा क्रिकेट सामना झाला. त्यात तो हॅरोकडून खेळला. फलंदाजी स्वतः करायची आणि धावा काढायला दुसरा मुलगा, अशी व्यवस्था होती.

केंब्रिजमध्ये पहिल्यांदाच मोकळीक

ऑक्टोबर १८०५ मध्ये बायरन केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. वय १७. खर्चायला वर्षाला ५०० पौंड, हाताशी नोकर आणि घोडा. त्या काळी उमरावांच्या मुलांना परीक्षेची फिकीर नसायची. अभ्यास कमी आणि मेजवान्या जास्त, असा दिनक्रम होता. दारू, जुगार, रात्री उशिरापर्यंत चालणारी जेवणं आणि वाढतं कर्ज यांत पहिलं वर्ष गेलं. पुढे कॉलेजात कुत्रा पाळायला बंदी म्हणून त्याने चक्क अस्वल आणून ठेवलं, हा किस्सा याच कॉलेजातला.

घराबाहेर पडलेल्या विद्यार्थ्याचं वजन पहिल्या वर्षात बदलतं, हे आजच्या कुठल्याही वसतिगृहात दिसतं. जेवणाची वेळ सांगणारं कुणी नसतं, झोप मोडते, नव्या मित्रांत आपण कसे दिसतो याची काळजी वाढते. बायरनचंही तसंच झालं. १८०६ च्या अखेरीला त्याचं वजन १४ स्टोन ६ पौंड, म्हणजे जवळपास ९२ किलो होतं. उंची होती साधारण १७४ सेंटीमीटर. आजच्या बीएमआयच्या हिशेबाने हा आकडा ३० च्या आसपास येतो, म्हणजे लठ्ठपणाच्या उंबरठ्यावर.

त्यामुळे वजन कमी करावं असं त्याला वाटलं, यात वावगं काही नव्हतं. प्रश्न होता तो कसं आणि कुठपर्यंत, हा.

तीन महिन्यांत आठ किलो

१८०७ चा पहिला अर्धा भाग बायरन केंब्रिजला नव्हता. पैशांची ओढाताण होती, म्हणून तो साउथवेलला आईकडे राहत होता. तिथे त्याने वजन उतरवण्याचा चंग बांधला. त्याने काय केलं हे त्याच्या त्या वेळच्या पत्रांतून कळतं. अंगावर एकावर एक सात जाकिटं आणि वर जाड कोट चढवून तो धावायचा, क्रिकेट खेळायचा आणि घामाने पार थकेपर्यंत थांबायचा नाही. त्यानंतर गरम पाण्याचं स्नान. दिवसातून एकदाच जेवण, तेही अगदी मोजकं. शिवाय अधूनमधून जुलाबाची औषधं.

जानेवारी ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत त्याने १८ पौंड, म्हणजे आठ किलोंहून थोडं जास्त वजन घटवलं. उन्हाळ्यापर्यंत तो ११ स्टोनच्या, म्हणजे ७० किलोंच्या खाली आला. बरगड्या दिसू लागल्या आणि कपडे आत घ्यावे लागले, हे त्याने अभिमानाने कळवलं.

या पद्धतीत शरीराच्या दृष्टीने काय घडत होतं? जाड कपड्यांत घाम गाळल्यावर काट्यावर जो आकडा उतरतो, तो मुख्यतः पाण्याचा असतो. पाणी प्यायलं की तो परत येतो. जुलाबाच्या औषधांचंही तसंच. अन्नातल्या ऊर्जेचं शोषण बहुतांशी लहान आतड्यात आधीच होऊन गेलेलं असतं. जुलाबातून जातं ते पाणी आणि क्षार. पोटॅशियमसारखे क्षार घटले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. चरबी खरोखर घटते ती कमी खाण्याने. पण उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि शरीर ऊर्जा वाचवण्यासाठी आपला वेग मंद करतं.

थोडक्यात, बायरनला जो आकडा दिसत होता त्यात पाणी, स्नायू आणि चरबी असं सगळंच होतं. त्याला मात्र तो निव्वळ विजय वाटत होता.

कौतुकाची किंमत

जून १८०७ च्या अखेरीस बायरन केंब्रिजला परतला, तेव्हा ओळखीच्या लोकांनी त्याला ओळखलंच नाही. कित्येकांना नाव सांगावं लागलं. जाड्या, लाजाळू पोराच्या जागी रेखीव चेहऱ्याचा, फिकट वर्णाचा तरुण उभा होता. त्याच महिन्यात त्याचा ‘अवर्स ऑफ आयडलनेस’ हा कवितासंग्रह बाहेर आला. लोक त्याच्याकडे नव्या नजरेने पाहू लागले.

एकोणीस वर्षांच्या, जन्मभर पायावरून टोमणे ऐकलेल्या मुलासाठी हे केवढं मोठं बक्षीस असेल! पाऊल काही केल्या सरळ होणार नव्हतं. वजन मात्र त्याच्या हातात होतं, किंवा तसं त्याला वाटलं.

खाण्याचे विकार बळावण्यात या कौतुकाचा वाटा अनेकदा असतो. विकार काही फक्त कौतुकाने होत नाही. स्वभाव, आनुवंशिकता, घरातलं वातावरण, चिडवणं, ताण अशी अनेक कारणं एकत्र येतात. पण उपाशी राहिलेल्या माणसाला सगळ्यांनी शाबासकी दिली की थांबायचं कुठे हे कळेनासं होतं. बायरनचं तेव्हाचं वजन उंचीच्या मानाने अगदी योग्य होतं. बीएमआय २३ च्या आसपास. आज एखाद्या डॉक्टरने नुसता तक्ता पाहिला असता तर सगळं ठीक आहे असं सांगून त्याला घरी पाठवलं असतं. खाण्याशी असलेलं त्याचं नातं बिघडलेलं होतं, ते तक्त्यात दिसलं नसतं.

इतका तंदुरुस्त माणूस आजारी कसा?

बायरनचं प्रकरण अवघड वाटतं ते इथे. तो कुठल्याही अर्थाने दुबळा नव्हता. लंडनमधला नामवंत मुष्टियोद्धा जॉन जॅक्सन याच्याकडे तो मुष्टियुद्ध शिकला, हेन्री अँजेलोकडे तलवारबाजी. घोडेस्वारी रोजची. पाण्यात तर लंगडा पाय आडवा येत नसल्याने तो मासाच व्हायचा.

३ मे १८१० रोजी त्याने लेफ्टनंट एकनहेड या नौदल अधिकाऱ्यासोबत डार्डानेल्सची, म्हणजे जुन्या हेलेस्पाँटची सामुद्रधुनी पोहून पार केली. तिथे रुंदी जेमतेम दीड-दोन किलोमीटर असली तरी प्रवाह इतका जोरदार आहे की प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट अंतर कापावं लागतं. दोघांना सुमारे एक तास दहा मिनिटं लागली. या पराक्रमाचा बायरनला कवितांइतकाच अभिमान होता.

व्यायाम करणारा, पोहणारा, खेळात पुढे असणारा तरुण आजारी असू शकतो हे लोकांना पटत नाही. पण शारीरिक क्षमता आणि निरोगीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या खेळांत वजनाचे गट असतात, किंवा सडपातळ शरीराला महत्त्व दिलं जातं, त्या खेळाडूंमध्ये खाण्याच्या विकारांचा धोका जास्त दिसतो. कुस्ती, मुष्टियुद्ध, जिम्नॅस्टिक्स, लांब पल्ल्याची शर्यत ही त्याची उदाहरणं. व्यायाम आनंदासाठी आहे की खाल्ल्याची शिक्षा म्हणून, हा फरक बाहेरून दिसत नाही.

याची उलटी बाजूही बायरनच्या आयुष्यात आहे. १८१८ च्या सुमारास तो व्हेनिसमध्ये राहत असताना त्याचं वजन पुन्हा वाढलं. त्या वर्षी भेटायला आलेल्यांना त्याचा चेहरा सुजलेला आणि शरीर बेढब वाटलं. पण त्याच वर्षीच्या जून महिन्यात त्याने लिडो बेटापासून व्हेनिसच्या ग्रँड कॅनॉलच्या टोकापर्यंत पोहून दाखवलं होतं. चार तासांहून जास्त वेळ तो पाण्यात होता आणि त्याने प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकलं. काट्यावरचा आकडा वाढला म्हणजे दम संपला असं नसतं.

उपवास, फडशा आणि पुन्हा उपवास

१८१२ मध्ये ‘चाइल्ड हॅरॉल्ड्स पिल्ग्रिमेज’ या काव्याचे पहिले दोन भाग छापले गेले आणि बायरन रातोरात लंडनचा लाडका झाला. त्याच्या जेवणाच्या तऱ्हा आता सगळ्यांच्या चर्चेचा विषय झाल्या.

१८११ च्या नोव्हेंबरमध्ये कवी सॅम्युअल रॉजर्स यांच्याकडे त्याला जेवायला बोलावलं होतं. त्याने सूप नाकारलं, मासे नाकारले, मांसही नाकारलं. बिस्किटं आणि सोडा वॉटर मागितलं, तर ते नेमकं घरात नव्हतं. अखेर बटाटे कुस्करून, त्यावर व्हिनेगर ओतून तो तेवढंच जेवला. पुढे रॉजर्स हा किस्सा सांगत, तेव्हा त्याला एक पुरवणीही जोडत : तिथून निघाल्यावर बायरनने सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या क्लबात जाऊन भरपेट मांसाहार केला.

पुरवणी खरी असो वा रंगवलेली, त्यातली रीत मात्र बायरनच्या जवळच्यांना ओळखीची होती. दिवसचे दिवस तो बिस्किटं, सोडा वॉटर, भाज्या आणि व्हिनेगर यांवर काढायचा आणि मग एखाद्या दिवशी समोर येईल त्याचा फडशा पाडायचा. त्यानंतर पश्चात्ताप, जुलाबाची औषधं आणि पुन्हा उपवास. १८१६ मध्ये, वर्षभराचं लग्न मोडल्यावर त्याने इंग्लंड कायमचं सोडलं. जिनिव्हाच्या सरोवराकाठी राहताना सकाळी पावाचा पातळ तुकडा आणि चहा, दुपारी थोड्या भाज्या, संध्याकाळी बिनदुधाचा, बिनसाखरेचा हिरवा चहा असा त्याचा आहार होता. भूक मारण्यासाठी तो तंबाखू चघळायचा आणि चिरूट ओढायचा.

फडशा पाडणं ही त्याला स्वतःची हार वाटत असे. प्रत्यक्षात ती शरीराची उपासमारीवरची प्रतिक्रिया होती. याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा पुढे सव्वाशे वर्षांनी अमेरिकेत मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. शरीराने आणि मनाने धडधाकट असलेले ३६ तरुण स्वयंसेवक निवडले. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन साधारण पाव हिश्श्याने घटलं. त्याबरोबर त्यांचं मनही बदललं. दिवसभर डोक्यात फक्त अन्न. कुणी पाककृतींची पुस्तकं जमवायला लागला, कुणी ताटातला घास तासभर पुरवू लागला. चिडचिड, उदासी, एकलकोंडेपणा आला. पुरेसं जेवण मिळू लागल्यावर काहींना खाणं थांबवता येईना.

ही माणसं आधीपासून विकारी नव्हती. उपासमारीने त्यांना तसं केलं. बायरनची उदासी, चिडखोरपणा आणि अन्नाबद्दलचं वेड यांना कवीचा लहरी स्वभाव म्हणून सोडून देण्याआधी हा प्रयोग आठवायला हवा.

जाडी म्हणजे मंद बुद्धी?

बायरनच्या भीतीला आणखी एक कंगोरा होता. अंगावर मांस चढलं की डोकं जड होतं, प्रतिभा आटते, असं तो मानायचा. पोट हलकं असेल तरच विचार तीक्ष्ण राहतात, ही त्याची पक्की समजूत होती.

ती खरी नव्हती, हे त्याच्याच लिखाणावरून दिसतं. ‘डॉन जुआन’ हे त्याचं सर्वांत गाजलेलं काव्य त्याने व्हेनिसमध्ये १८१८ मध्ये लिहायला घेतलं. त्याचं शरीर भरलेलं होतं तो हाच काळ. मेंदूला सतत ऊर्जा लागते, आणि ती तुटली की लक्ष, स्मरण आणि मनःस्थिती सगळंच ढासळतं. परीक्षेच्या दिवसांत जेवण टाळणाऱ्या विद्यार्थ्यांना हा अनुभव चांगलाच ओळखीचा असतो.

ही समजूत बायरनपुरती राहिली नाही. त्याचा फिकट चेहरा आणि सडपातळ बांधा युरोप-अमेरिकेतल्या तरुणांसाठी आदर्श झाला. तशी कांती यावी म्हणून मुलं-मुली व्हिनेगर पिऊ लागली, जेवण टाळू लागली. कित्येक दशकांनंतरही, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जॉर्ज बीअर्ड या अमेरिकन डॉक्टरांनी तक्रार केली होती की बायरनच्या चाहत्यांना आपण जाड दिसू या भीतीने मुली वाढीच्या वयात अर्धपोटी राहतात. फोटो आणि मोबाइल यांच्या कितीतरी आधी, केवळ चित्रं आणि वर्णनं यांच्या जोरावर हे घडलं.

शेवटची वर्षं

१८२३ च्या वसंतात इटलीतल्या जेनोवा शहरात लेडी ब्लेसिंग्टन बायरनला भेटली. तो इतका रोडावला होता की अंगावरचे कपडे दुसऱ्या कुणाचे वाटावेत. पुन्हा उपासमारीचं चक्र सुरू होतं. त्याच वर्षी तो ग्रीसला निघाला. तुर्की सत्तेविरुद्ध लढणाऱ्या ग्रीकांना त्याने पैसा दिला आणि स्वतः त्यांच्यात जाऊन राहायचं ठरवलं.

५ जानेवारी १८२४ रोजी तो मिसोलोंगी या दलदलीच्या किनाऱ्यावरच्या गावी पोहोचला. पाऊस, चिखल, आपसात भांडणारे सैनिक आणि त्यांच्या पगाराची चिंता. अशा वातावरणातही तो रोज सकाळी स्वतःची कंबर आणि मनगट मोजत असे. माप वाढल्यासारखं वाटलं की जुलाबाचं औषध घेत असे. त्याच्यावर उपचार करणाऱ्या ज्युलियस मिलिंजेन या डॉक्टरांनी हे पुढे लिहून ठेवलं.

फेब्रुवारीत त्याला झटका येऊन तो कोसळला. एप्रिलमध्ये पावसात भिजल्यावर ताप भरला. त्या काळच्या उपचारपद्धतीप्रमाणे डॉक्टरांनी त्याच्या शरीरातून पुन्हा पुन्हा रक्त काढलं. आधी त्याने विरोध केला, मग हात पुढे केला. १९ एप्रिल १८२४ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी तो वारला.

त्याचा जीव ताप आणि रक्तस्राव यांनी घेतला असंच बहुतेक अभ्यासक मानतात. उपासमारीने तो मेला असं म्हणता येत नाही. पण या आजाराला तोंड द्यायला त्याच्याकडे उरलेलं शरीर हे सतरा वर्षांच्या उपवासांतून आणि जुलाबांतून गेलेलं शरीर होतं.

बायरनला नेमका कोणता विकार होता?

दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं ठाम निदान कुणीच करू शकत नाही. त्याच्या काळात या आजाराला नावही नव्हतं. १८७३ मध्ये लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग या डॉक्टरांनी अशा रुग्णांचं वर्णन केलं आणि ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव रूढ झालं. अधाशासारखं खाणं आणि नंतर उलटी, जुलाब किंवा उपवासाने ते ‘फेडणं’ याला १९७९ मध्ये जेराल्ड रसेल यांनी ‘बुलिमिया नर्व्होसा’ म्हटलं. बायरनच्या आयुष्यात दोन्हींची लक्षणं सापडतात, असं अनेक डॉक्टरांनी लिहिलं आहे.

हे आजार फक्त मुलींना होतात, हा समज अजून आहे. मुलींमध्ये ते जास्त दिसतात हे खरं. पण मुलांमध्ये ते लक्षात यायला उशीर लागतो, कारण मुलगा जिमच्या नावाखाली जेवण तोडत असेल तर त्याला शिस्तीचा म्हटलं जातं.

वेळेत ओळखायचं कसं?

१९९९ मध्ये लंडनमधल्या डॉक्टरांनी ‘स्कॉफ’ नावाची पाच प्रश्नांची साधी चाचणी तयार केली. विद्यार्थ्यांच्या पाहणीतही ती वापरली जाते. तिचा आशय असा :

– पोट नकोसं वाटेल इतकं भरल्यामुळे तुम्ही मुद्दाम उलटी काढता का?
– आपण किती खातो यावरचा ताबा सुटलाय, याची काळजी वाटते का?
– गेल्या तीन महिन्यांत एक स्टोनहून, म्हणजे साधारण सहा किलोंहून जास्त वजन घटलं आहे का?
– लोक बारीक म्हणत असताना तुम्हाला स्वतः जाड वाटतं का?
– अन्नाने तुमच्या आयुष्याचा ताबा घेतलाय असं वाटतं का?

दोन किंवा अधिक प्रश्नांचं उत्तर ‘हो’ असेल तर तज्ज्ञाला भेटणं योग्य. ही चाचणी निदान करत नाही, फक्त धोक्याची घंटा वाजवते. १८०७ च्या एप्रिलमध्ये बायरनने तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं असतं. पुढच्या काळात दुसऱ्या आणि पाचव्यालाही.

खाण्याचे विकार बहुतेक वेळा किशोरवयात किंवा विशीच्या सुरुवातीला डोकं वर काढतात, म्हणजे नेमके कॉलेजच्या वर्षांत. ते बरे होऊ शकतात, आणि उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं चांगलं. समुपदेशन, आहारतज्ज्ञाची मदत आणि गरज पडल्यास औषधं, अशी ही वाट आहे. मेसमध्ये सोबत न जेवणारा, जेवल्यावर लगेच नाहीसा होणारा, थंडी वाजते म्हणणारा किंवा ताप असतानाही व्यायाम न चुकवणारा मित्र दिसला, तर त्याच्या वजनावर बोलू नये, कौतुकाने तर मुळीच नाही. झोप, मनःस्थिती, थकवा यांबद्दल विचारावं आणि डॉक्टरांकडे जायला त्याच्याबरोबर निघावं. चक्कर येणं, छातीत धडधड किंवा बेशुद्धी असेल तर थेट रुग्णालय गाठावं.

भारतात मानसिक आरोग्यासाठी सरकारची ‘टेली-मानस’ ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं.